मामीची बंगई आणि माझे तीन एक्के

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या हं! कारण मधे हसलात, तर हा किस्सा पुन्हा सुरू करायची माझी हिंमत व्हायची नाही.

इतवारीतलं घर सोडून आमची मामी मुलाच्या फ्लॅटवर राहायला निघाली होती. सामानसुमान वाटून झालं, उरली बंगई. सागवानी पाटाचा, पितळी साखळ्यांचा झोपाळा हो! उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिच्यावरच आंबे खायचो, तिच्यावरच भांडायचो आणि तिच्यावरच झोपायचो. मामा होते तेव्हा पायानं हळूच झोका देत पेपर वाचायचे. मला ती हवीच होती. आणि माझ्या थोरल्या भावाला, विलासदादालाही!

"दोघायले कशी देऊ गा? अर्धी कापू का?" मामी म्हणाली.

दादाची लेक स्वरा बंगलोरहून आली होती. ती म्हणाली, "पोकर खेळा. एकच डाव, जिंकेल त्याची बंगई. आजी, तूपण बस. दोघांत काय मजा?"

आता याच घरात दर दिवाळीला चिंचोके लावून तीनपत्ती खेळलेला माणूस मी! मला पत्ते कोण शिकवणार? स्वरा सांगत होती, दोन पत्ते ज्याच्या त्याच्या हातात झाकलेले, पाच मधोमध उघडणार. कुणी चिंचोके वाढवले की आपणही तेवढे टाकायचे, नाहीतर पत्ते खाली ठेवून डाव सोडायचा. मधल्या पत्त्यांचं ती आणखी काहीतरी सांगणार होती, पण मी म्हटलं, "समजलं, समजलं! वाट तू!"

माझ्या हातात आली दुर्री आणि छक्की. हट्! पण मधले पत्ते उघडायला लागले. एक्का. सत्ती. पुन्हा एक्का. नव्वी. आणि शेवटी... तिसरा एक्का! अहो, तीनपत्तीत याच्यावर काही असतं का? मी सगळेच्या सगळे चिंचोके पुढे लोटले.

दादानं पत्ते खाली ठेवून डाव सोडला. मामीही ठेवायला लागली. "मले काही समजून नाही राहिलं. मी सोडते बापा."

आणि मला तिची दया आली!

"थांब वं मामी! काहून सोडून राहिली? टाक चिंचोके. तीन एक्के कसे असतात, पाहून तर घे!"

"तू म्हणतोस त पाहाते."

मी मांडीवर थाप मारली. "हे घ्या! तीन एक्के!"

स्वरा माझ्याकडे बघतच राहिली. "काका, ते मधले आहेत. मधले पत्ते सगळ्यांचे असतात. आजीचेही तीन एक्के झाले. तुझ्या हातात काय आहे?"

"दुर्री," मी म्हणालो. "आणि... छक्की."

मामीनं आपले पत्ते उलटे केले. "माह्याकडे पंजी हाय. आन् हा राजा. चालते का गा?"

चालते? अहो, एक्के दोघांचेही सारखे, वर राजा तिचा! जिंकली! स्वतःचीच बंगई स्वतः जिंकली!

मामी उठून बंगईवर जाऊन बसली आणि तिनं जोरात झोका घेतला. "पोरगा म्हणे, फ्लॅटात जागा नाही. आता जितून आणली म्हटल्यावर नाही कसा म्हणते, पाहातेच त्याले!" मामा गेल्यापासून ती इतकी हसलेली मी पाहिली नव्हती.

मी आपला उसना मोठेपणा आणून म्हणालो, "जाऊ द्या. नशिबाचा खेळ आहे."

"नशीब कुठलं, काका?" स्वरा पत्ते गोळा करत म्हणाली. "आजी डाव सोडत होती ना, तेव्हाच बंगई तुझी झाली होती!"