साहेबांची सुती शाल

माझ्या बहिणीच्या शोकसभेत मिळालेली शाल मी मातीत पुरली होती.

आज सकाळी ती उकरून काढली.

निमाला जाऊन आज एक वर्ष झाले.

पांढुर्ण्यात मी आयुष्यभर मराठी शिकवले. माझी धाकटी बहीण मातीची संशोधक झाली. रामाकोन्याजवळच्या एका केंद्रात तिच्याकडे जमिनीची एक पट्टी होती. तिच्यावर नांगर नाही, खत नाही, फवारणी नाही. निमा नोकरीला लागली तेव्हापासून नाही.

देशभर अशा साईट्स आहेत. कुठे जंगलात, कुठे समुद्रकाठी. सर्वत्र एकाच पद्धतीने सुती कापडाचे तुकडे पुरतात, ठरल्या वेळी काढतात आणि वर्षानुवर्षे परस्परांशी ताडून पाहतात.

"दादा, जिवंत माती कापड खाऊन टाकते. मेलेली माती जसंच्या तसं वापस देते."

मी म्हणायचो, "जसेच्या तसे. परत."

"तू बस वाक्यं तपासत. मी माती तपासून राहिली."

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती नागपूरला गेली. तेवढ्यात केंद्रप्रमुखांनी त्या पट्टीवर जेसीबी फिरवला. वरची माती खरवडून उचलली, मुरूम टाकला, रोलरने दाबला.

मातीच्या संवर्धनावर एक कार्यक्रम होता. पाहुण्यांच्या गाड्यांना पार्किंग हवे होते.

निमा जाब विचारायला गेली, तेव्हा मी सोबत होतो.

"मॅडम, माती म्हणजे मातीच ना. ट्रॉलीभर दुसरी आणून देतो," साहेब हसून म्हणाले.

"आणा. पण इतकी वर्षं तिले कोणी हात लावला नाही, ते बी आणा ट्रॉलीत."

साहेबांनी चहा मागवला. तिने घेतला नाही.

पुढचे काही दिवस ती इतर साईट्सवरच्या सहकाऱ्यांना एकेक फोन करून सांगत होती, की आमची साईट संपली, आता आम्हाला तुलनेत धरू नका.

फोन संपले आणि ती गेली.

डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. मी डॉक्टर नाही. वाद घातला नाही.

शोकसभेत त्याच साहेबांनी तिच्या फोटोला हार घातला, डोळे पुसले आणि मरणोत्तर सन्मान म्हणून शाल माझ्या हाती ठेवली.

"शुद्ध सुती आहे, गुरुजी. मॅडमना सुतीच आवडायचं."

हे त्यांनी बोलायला नको होते.

घरी येऊन मी शालीचे कात्रीने दोन समान भाग केले. केंद्राला लागून भाऊरावांची संत्र्याची बाग आहे. त्यांना म्हटले, कुदळ घेऊन चला.

"गुरुजी, शाल काऊन पुरून राहिले?"

"पेरतो आहे."

"उगवल काय?"

"वर्षाने पाहू."

एक भाग पार्किंगच्या मुरुमाखाली पुरला. दुसरा कुंपणाच्या कोपऱ्यात. तिथे बाभूळ आडवी आल्याने जेसीबी पोहोचला नव्हता. निमाची तेवढीच माती शिल्लक होती. खोली सारखीच ठेवली. तिची पद्धत मी मोडली नाही.

आज कोपऱ्यातून काठाचे चार धागे निघाले. शाल मातीने खाल्ली.

पार्किंगखालचा भाग भाऊरावांनी झटकून उन्हात धरला.

"हे तं धुऊन पांघरता येते, गुरुजी."

मी तो धुतला. इस्त्रीही केली.

आज सायंकाळी केंद्रात निमाच्या स्मरणार्थ व्याख्यान आहे. वक्ते साहेबच आहेत. विषय 'जिवंत माती'. प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावले आहे. गाड्या त्याच पार्किंगमध्ये लागतील.

व्याख्यान संपले की मी उठेन. चार धागे सभेला दाखवीन आणि उरलेली शाल साहेबांच्या खांद्यावर घालीन. कुठे काय पुरले होते, तेही सांगेन.

साहेब माझ्या पोस्ट वाचतात, हे मला ठाऊक आहे. ते आज आले नाहीत, तर शाल त्यांच्या घरी पोहोचवली जाईल. मी निवृत्त आहे. मला वेळ आहे.

कमेंटमध्ये इंग्रजीतील तीन अक्षरे टाकून कोणी मोकळे होऊ नये. श्रद्धांजली पूर्ण वाक्यात वाहावी, अथवा सायंकाळी यावे.

निमा, तुझी साईट आणखी एक वर्ष चालली. निकाल मी वाचून दाखवतो.

तू आता नीज, बाई.

— दादा