जाऊबाईंचा उजेड

उजेडाला चव असते, आणि ती ओळखणारी जीभ सबंध वऱ्हाडात एकाच बाईला मिळाली आहे. ती बाई माझी थोरली जाऊ आहे. हे विधान मी माहेरी केलं आहे, शाळेच्या स्टाफरूममध्ये केलं आहे आणि एकदा तर अकोल्यात दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंडात कापूस असताना केलं आहे. फक्त जाऊबाईंच्या समोर कधी केलं नाही. जावेनं जावेचं कौतुक तोंडावर करायचं नसतं, एवढी शिस्त आमच्या घरात अजून टिकून आहे.

आमचं मूळ घर अंजनगाव सुर्जीचं. गावाला लागून पानमळा आहे, तो माझे भासरे, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, सांभाळतात. आम्ही दोघं नोकरीपायी अकोल्याला. जाऊबाईंनी पन्नाशीपर्यंत कॅमेरा पाहिला तो लग्नकार्यात, आणि तोही दुसऱ्याच्या हातात. मग पुण्याला असणाऱ्या त्यांच्या मुलानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना दिवाळीत घरी आणून कपाटावर टाकून दिला. जाऊबाईंनी तो धूळ पुसायला म्हणून खाली काढला. "तवापासून पुसूनच राह्यली," असं भासरे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

शिक्षण झालं ते मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून, पोळ्या लाटता लाटता. त्यातले आकडे आणि इंग्रजी शब्द त्यांनी ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले, आणि सगळी विद्या स्वयंपाकघराच्या भाषेत नव्यानं मांडली. पहाटेचा उजेड कच्चा, आठ-नऊचा शिजायला लागलेला, चारनंतरचा खरपूस. "बाराचा उजेड करपते," त्या म्हणतात, "त्यात मानसाचं तोंड टाकलं का कडू लागते." शेजारच्या एक बाई नातवाला झबलं-टोपडं घालून, काजळतीट लावून भर दुपारी फोटोसाठी घेऊन आल्या. जाऊबाईंनी त्यांना बसवून घेतलं, चहा दिला, पुन्हा चहा दिला. पोरानं टोपडं फेकलं, तीट पुसली, झबलं ओलं केलं, गळा काढून रडलं आणि उघडंच गोधडीवर झोपी गेलं. चार वाजता दारातून तिरपा उजेड त्याच्या पोटावर आला तेव्हा जाऊबाई उठल्या आणि म्हणाल्या, "आता शिजलं." त्या आजीबाई त्यानंतर आठवडाभर बोलत नव्हत्या. पुढं तोच फोटो त्यांनी साऱ्या नातेवाइकांना पाठवला.

पानमळ्यात सदा ओल, ती कॅमेऱ्याला बाधू नये म्हणून जाऊबाई तो स्टीलच्या मोठ्या डब्यात, तळाशी तांदळाची पुरचुंडी ठेवून, फडक्यात गुंडाळून ठेवतात. डबा असतो फराळाच्या डब्यांच्या रांगेत. आमचे हे गावी गेले की आधी त्या रांगेकडे वळतात. एकदा अंधारात शंकरपाळ्यांसाठी हात घातला आणि हाताला लेन्स लागली. "वहिनी, हे कशाचं केलं?" असं त्यांनी विचारल्यावर जाऊबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "हात धुतला होता काय?" शंकरपाळे त्या दिवशी कोणालाच मिळाले नाहीत.

माणसाचा फोटो काढायची त्यांची रीत मी अजून कुठं पाहिली नाही. त्या कोणाला हसायला सांगत नाहीत. आमच्याकडचा माणूस कॅमेरा दिसला की खांबासारखा ताठ होतो, आणि हस म्हटलं की दात दाखवतो, चेहरा मात्र आत ठेवतो. जाऊबाई कॅमेरा डोळ्याला लावतात आणि अगदी सहज विचारतात, "भाजी काय केली होती आज?" माणूस आठवायला लागतो, ताठरपणा विसरतो, आणि तेवढ्यात बटण दाबलेलं असतं. गावातल्या एका निवृत्त जमादारांना कोणी कधी हसताना पाहिलं नव्हतं. त्यांना हाच प्रश्न टाकला तर त्यांना खरोखर आठवेना. मागं त्यांची सून पदर चावत उभी, की आता आपली भाजी काय गुण उधळते. आणि जमादार आकाशाकडे पाहत, ओठ किंचित उघडे, शाळेत कविता विसरलेल्या मुलासारखे. तो फोटो पाहून जमादार म्हणाले, "हा मी हाये तं वर्दीतला कोन होता?" आणि मोठ्यानं हसले. हसले तेव्हा मात्र जाऊबाईंनी कॅमेरा डब्यात ठेवलेला होता. हसणारे फोटो कोणीही काढतं, असं त्यांचं म्हणणं.

चिखलदऱ्याला आम्ही सगळे सहलीला गेलो तेव्हा या बाईंनी दरीकडे पाठ केली. आम्ही कठड्याशी ओळीनं उभे, समोर ढग वर चढत असलेले, आणि जाऊबाई आमच्याकडे तोंड करून आमचेच फोटो काढताहेत. घरी आल्यावर पाहतो तर दरीचा एकही फोटो नाही. मी जरा चिडलेच. त्या म्हणाल्या, "दरी कुठं पळून चालली? पुन्हा जाऊ तवा असनच ते. पन पाह्यल्याबरोबर तुह्यं जे तोंड झालं, ते पुन्हा होनार हाये काय?" दर्यापूरच्या रस्त्यावर जीप चालवणारे ड्रायव्हर त्यांना आता ओळखतात. कपाशीच्या वावरावर ऊन तिरपं व्हायला लागलं की ते स्वतःच विचारतात, "काकू, थांबू का?" मागचे प्रवासी कुरकुरतात. जाऊबाई उतरतात, फोटो काढतात आणि वर चढताना सगळ्यात जास्त कुरकुरणाऱ्याला विचारतात, भाजी काय होती म्हणून.

असं सगळं गावभर, तालुकाभर नाव झालं. एका ठिकाणी मात्र काही चालेना. ते ठिकाण म्हणजे स्वतःच्या घराची भिंत. आमच्या बैठकीच्या भिंतीवर सासरे आहेत, आजेसासरे आहेत, दोघांनाही हार आहेत, आणि देव आहेत. भासऱ्यांचा नेमच तसा: "भिंतीवर एक तं देव, नाई तं गेलेलं मानूस. जित्या मानसाचा फोटो लावत नसतात." बरं, माणूस नको तर मळ्याचा लावू म्हटलं, तर म्हणाले, "मळा पाह्याचा असन तं मळ्यात जावा, घरात बसून कायले पाह्यता?" शेजारी शेतीच्या औषधांच्या दुकानाचं कॅलेंडर लटकत होतं. जाऊबाई म्हणायच्या, "कीडनाशकाची बाटली चालते भिंतीले, मी काढलेला फोटो चालत नाई." भासरे यावर पान लावायला घ्यायचे, म्हणजे विषय संपला.

मी एकदा म्हटलं, "ताई, एक खिळा तर ठोकायचा. ते मळ्यात गेले की तुम्हीच ठोका." जाऊबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझं सगळं शिक्षण फुकट गेल्यासारखं वाटलं. "ठोकता मले बी येते," त्या म्हणाल्या. "पन मंग तो माहा खिळा होईन. मले घराचा पाह्यजे." पोटचं पोर परगावी, हाताखालचं घर आयुष्यभर सारवलेलं, आणि मागणं काय, तर एक खिळा. मला त्या दिवशी भासऱ्यांचा रागच आला होता, आणि तो मी लपवलाही नाही.

अमरावतीला हौशी फोटोग्राफर मंडळींनी एक प्रदर्शन भरवलं तेव्हा जाऊबाईंचे फोटो मीच पाठवले. त्यांना सांगितलं ते निवड झाल्यावर. निवडला गेला तो मळ्यातला एक फोटो. आम्ही उद्‍घाटनाला सगळे गेलो. भासरेही आले, इस्त्रीचा सदरा घालून, आणि वाटेत दोनदा म्हणाले, की आज पाणी द्यायचं होतं मळ्याला. दालनात शिरलो तर समोरच तो फोटो, चांगला मोठा करून लावलेला. वेलींच्या आधाराला लावलेल्या शेवरीच्या ओळी, वर पानांचं हिरवं छत, त्यातून गळून खाली पडलेले उजेडाचे कवडसे, आणि मधोमध एक माणूस वाकून वेल बांधतो आहे. डोकं पानांआड गेलेलं. दिसते ती फक्त पाठ, घामानं सदरा चिकटलेली, आणि त्या पाठीवर चारचा खरपूस उजेड.

भासरे फोटोपुढे उभे राहिले. पुढं झाले, मागं झाले. मग बोट दाखवून म्हणाले, "मळा तं आपला हाये. हे पाह्य, हे आपली वाकडी शेवरी. अन् हे पाटाचं वळन." आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "पन हा मानूस कोन व्हय? आपल्या मळ्यात हा कोन शिरला?"

आमच्यातलं कोणी हसलं नाही. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "अवो, तुमी."

"मी?"

"तुमी."

भासऱ्यांनी फोटोतल्या पाठीवर बोट टेकवलं. प्रत्येक वेल ओळखणाऱ्या त्या माणसाला स्वतःची पाठ कशी ओळखू येणार? त्यानं ती कधी पाहिलीच नव्हती. मग म्हणाले, "माही पाठ अशी हाये?"

"मले रोज दिसते," जाऊबाई म्हणाल्या.

"वाकली थोडीशी."

"वेल बांधाले वाकाच लागते."

त्यानंतर भासऱ्यांनी जे केलं ते मी मरेपर्यंत सांगत राहणार. ते त्या फोटोशेजारून हललेच नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "हा मी हाये. आमच्या घरवालीनं काढला." समोरच्यानं शंका घेण्याआधीच गर्रकन वळून, थोडे वाकून, पाठ दाखवायचे, आणि पुन्हा वळून विचारायचे, "पटलं?" अमरावतीची शिकलीसवरलेली माणसं गंभीरपणे माना डोलावत होती. कॉलेजच्या दोन मुलींनी त्यांच्या पाठीसोबत सेल्फी काढला. मळ्याला पाणी द्यायचं होतं हे कोणाला आठवलं नाही. मी एका कोपऱ्यात उभी राहून डोळे पुसत होते. पाणी हसून आलं होतं की कशानं, हे माझं मलाच ठरवता येईना. माझी जाऊ आहे ती, असं मी मात्र हॉलमधल्या जवळजवळ सगळ्यांना सांगितलं.

प्रदर्शन संपल्यावर फ्रेम घरी आणली, तेव्हा आम्ही दोघं अंजनगावलाच होतो. जाऊबाईंनी ती कागदासकट पलंगाखाली सरकवली आणि चहा टाकायला गेल्या. भासऱ्यांनी ती ओढून बाहेर काढली, कागद फाडला आणि भिंतीशी धरून पाहू लागले.

"काहून हो?" जाऊबाईंनी दारातून विचारलं. "जित्या मानसाचा लावत नसतात ना?"

"तोंड कुठं दिसते त्याच्यात?" भासरे म्हणाले. "पाठीले कोनी हार घालते काय?"

त्यांनी हातोडी मागितली, कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं आणि दातांत खिळा धरून स्टुलावर चढले. बाहेरून तिरपं ऊन आत आलं होतं. हातोडी मारताना ते वाकले, आणि सदरा पाठीला चिकटला, अगदी फोटोतल्यासारखा. मी जाऊबाईंना कोपर मारलं. "ताई, डबा आणू?"

त्यांनी मान हलवली. "राहू दे. खिळा ठोकू दे त्याइले."

चुलीवरचा चहा उतू जात होता. कोणी भाजी विचारली नव्हती, तरी दारात टेकून उभ्या राहिलेल्या जाऊबाईंचा चेहरा नेमका तसा झाला होता, ताठरपणा सुटलेला, ओठ किंचित उघडे, आणि उजेड शिजून तयार. तो टिपता येईल असं आमच्या घरात दुसरं कोणी नव्हतं.