यादीतले हिरेमठ सर

आमच्या मानांकन कक्षात फायली जितक्या साठतात, तितकेच किस्सेही साठतात. फायली तपासणीला येणाऱ्या समितीला दाखवता येतात, किस्से दाबून ठेवावे लागतात, एवढाच काय तो फरक! आमचं खासगी विद्यापीठ सोलापूरच्या वेशीबाहेर. बाकीच्या खासगी विद्यापीठांपेक्षा आपण किती वरचढ, हे आकड्यांत मांडून दाखवायचं, हे आमचं काम. कक्षात माणसं तीन: प्रमुख बिराजदार सर, शिपाई शफीकभाई आणि मी. घरी हे किस्से काढले की बायको म्हणते, "जेवताना नको." म्हणून तुम्हाला सांगतोय.

*

सुरुवात हलक्या किश्शाने करतो. शेजारच्या जिल्ह्यातलं एक विद्यापीठ रँकिंगमध्ये आमच्या पुढे गेलं. बिराजदार सरांनी त्यांचा अहवाल मागवला आणि पानं उलटता उलटता एकदम थांबले. "अद्ययावत प्रयोगशाळा" म्हणून जो फोटो होता, तो आमच्या लॅबचा! फोटोग्राफर दोघांचा एकच होता, त्याने गठ्ठ्यात गठ्ठा मिसळला होता.

मी म्हटलं, "सर, तक्रार करू या."

सर बराच वेळ फोटो न्याहाळत बसले. मग म्हणाले, "आपल्यापेक्षा त्यांच्याकडेच आपली लॅब चांगली दिसते हो!"

*

आता हिरेमठ सर. गणित शिकवायचे, अक्कलकोटकडचे. निम्मं मराठी, निम्मं कन्नड बोलायचे. मे महिन्याच्या सुट्टीत झोपेतच गेले. अंत्यविधीला आम्ही सगळे होतो. परतीच्या गाडीत बिराजदार सर सुस्कारा टाकून म्हणाले, "शिक्षक-विद्यार्थी प्रमाण!"

एक शिक्षक कमी झाला की गुण घसरतात. समिती जानेवारीत येणार होती. सर म्हणाले, "हिरेमठ गेले. पण यादीतून कुठे गेलेत? राहू दे तोवर."

नाव मीच राहू दिलं. वेळापत्रकावरही तेच ठेवलं.

वर्ग घ्यायला जूनमध्ये भाग्यश्री मॅडम आल्या, मंद्रूपच्या, तासिका तत्त्वावर. सहा वर्षं या कॉलेजातून त्या कॉलेजात तास घेत फिरलेल्या. हिरेमठांची जागा रिकामी झाली की ती तुमचीच, असा शब्द त्यांना दिला होता. पण यादीत माणूस हजर, मग जागा रिकामी कशी होणार? दर महिन्याला दारात येऊन विचारायच्या, "सर, झाली का हो जागा रिकामी? या वर्षी न्हाय झालं तर मी गावी चालले. भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसते."

एकदा मी गमतीत बोलून गेलो, "काय करणार, हिरेमठ सर जागा सोडेनात!"

कोणी हसलं नाही. बोलल्याक्षणी माझी मलाच लाज वाटली.

*

दिवाळीआधी विद्यार्थ्यांचे अभिप्राय आले. सगळ्यात वरचे गुण हिरेमठ सरांना!

बिराजदार सर म्हणाले, "वेळापत्रकावर नाव त्यांचं आहे ना. मुलांनी मॅडमचेच गुण तिथे टाकले." पटलं. मग मी शेरे वाचायला घेतले. पहिल्या वर्षाच्या एका मुलीने लिहिलं होतं, "सर उदाहरण चुकलं की स्वतःच मोठ्याने हसतात."

हिरेमठ खरंच तसे हसायचे. आणि ही मुलगी तर ते गेल्यावर ऑगस्टमध्ये आमच्याकडे आली होती.

मी तो शेरा सरांपुढे धरला. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "गुण चांगलेत. घेऊन टाका."

*

समिती यायच्या आठवड्यात आम्ही हजेरीचं मस्टर तपासत होतो. हिरेमठांच्या रकान्यात जूनपासून रोजची सही. भर दुपार, बाहेर लख्ख ऊन, आणि माझ्या अंगावर काटा आला.

मी म्हटलं, "सर, तुम्ही फारच हुबेहूब करता हं."

"मी? मला वाटलं तुम्ही करताय!"

दोघांनी शफीकभाईंकडे पाहिलं. ते हातातला चहा खाली ठेवून म्हणाले, "मला कशाला विचारता साहेब? मला तर सही स्वतःची बी धड येत न्हाय."

शेवटी बिराजदार सरांनीच मस्टर मिटलं. "कोणी का करेना. खाडा तर नाही ना एकही?"

*

समिती आली. अध्यक्ष भलते काटेकोर. म्हणाले, "यादी राहू द्या, कायम शिक्षक तेवढे हॉलमध्ये बसवा. मी डोकी मोजतो."

यादीत बेचाळीस. हिरेमठ वजा जाता एक्केचाळीस. एक डोकं कमी भरलं की सगळं उघडं पडणार. बिराजदार सरांच्या कपाळावर घाम आला. अध्यक्ष रांगेतून बोट फिरवत गेले, परत आले आणि वहीत खूण केली.

"बेचाळीस. छान."

मी मागे उभा राहून तीनदा मोजले. एक्केचाळीसच भरत होते. शफीकभाई माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, चहा बेचाळीस दिले मी. सगळे कप रिकामे परत आलेत."

*

श्रेणी वर चढली. पेढे वाटले, फ्लेक्स लागला. मी मुकाट्याने हिरेमठांचं नाव खोडलं आणि मे महिन्यात त्यांच्या जागेसाठी मुलाखती ठेवल्या. पॅनेल चौघांचं. खुर्च्या मीच मांडल्या, चार.

भाग्यश्री मॅडम अर्ध्या तासाने बाहेर आल्या. मी विचारलं, "काय विचारलं चौघांनी?"

"चौघं कुटं सर, पाच होते की. चौघं नुसते कागद चाळत होते. ते खिडकीजवळचे सरच विचारत होते. निम्मं कन्नडमध्ये. लई मायाळू वाटले."

"काय म्हणाले ते?"

"गणित थोडंच विचारलं. मग म्हणाले, 'वर्षभर वर्ग तू घेतलेस आणि नाव माझं लागत राहिलं. मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. आता तू बस हितं.' मला काय ते नीट कळलं न्हाय. पण रडूच आलं."

चार दिवसांनी त्यांचं नेमणुकीचं पत्र निघालं. पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या, बिराजदार सरांना दिला, शफीकभाईंना दिला, मला दिला. मग पुड्यातला उरलेला एक पेढा कागदात बांधत म्हणाल्या,

"त्या खिडकीजवळच्या सरांना द्यायचा राहिला. कुटं बसतात हो ते?"