घोडेस्वारांचे पाय

आमच्या घराण्यातल्या पुरुषांचे पाय कमानीसारखे. टाचा जुळवून उभं राहिलं तर गुडघ्यांच्या मधून मांजर आरामात जाईल. उंचीही बेताची. उंब्रजच्या आसपास बऱ्याच घरांतला एखादा तरी फौजेत असतो. आमच्या घरातला एकही भरतीत टिकला नाही. पण त्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही, कारण आमच्याकडे उत्तर तयार होतं. आमचे पूर्वज शिलेदार, पिढ्यानपिढ्या घोड्यावर मांड ठोकून बसलेले, म्हणून पाय वळले आणि तसेच रक्तात उतरले. वडील, म्हणजे आमचे आबा, हे सांगायचे, त्यांच्या मागे थोरला भाऊ सांगू लागला, तो तर मिशीला हात लावून. शाळेत मीही सांगितलं आहे.

हे उत्तर पुरुषांपुरतं होतं. माझी मुलगी चालायला लागली, तिचेही पाय बाहेर वळू लागले, तेव्हा घोडा कुणाला आठवला नाही. आठवली ती तिची आई. बायको तेव्हा अंगणवाडीत लागली होती आणि पोरीचं अंगावरचं दूध लवकर सुटलं होतं. "नोकरीपायी दूध तोडलंस, हाडं मऊ पडली लेकराची," असं आधी माझी आई म्हणाली, मग भावजय, मग गल्ली. कराडच्या एका डॉक्टरांनी मुडदूस असेल असं सांगितल्यावर तर बोलायलाच नको. बायको पोरीला कोवळ्या उन्हात बसवायची, ड जीवनसत्त्वाचे थेंब पाजायची, नाचणीची खीर भरवायची. पाय वळतच राहिले. आणि मी रोज आंघोळीला बसलो की माझेच पाय बघायचो. कळत होतं. बोललो नाही.

शेवटी सांगलीच्या एका हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी एक्स-रे बघितला, रक्ताचे रिपोर्ट बघितले. कॅल्शियम, फॉस्फरस सगळं जागेवर. "हा मुडदूस नाही," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "जरा पँट गुडघ्यापर्यंत घ्या." घेतली. ते हसले. "काय करता आपण?"

"सेंट्रिंगचं सामान भाड्यानं देतो. प्लेटा, टेकू."

"मग तुम्हाला लगेच कळेल. मुलांचं हाड वाढतं ते टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्टीतून. ती कूर्चा म्हणजे हाडाचं सेंट्रिंग. तिच्यातल्या पेशी फुगतात, एका खास प्रकारचं कोलॅजेन तयार करतात आणि मग त्या जागी हाड भरतं. तुमच्या घरात त्या कोलॅजेनच्या जनुकात बिघाड दिसतोय. प्रथिनाची घडी नीट पडत नाही, ते पेशीतच अडकतं, पेशी बेजार होते. सेंट्रिंगच ढिलं, तर वरून सिमेंट कितीही ओता, स्लॅब वाकणारच. ते थेंब बंद करा. आणि ह्यात आईची काही चूक नाही."

पुढे जनुकाच्या तपासणीतही तेच निघालं. पण त्या दिवशी एसटीत बायको एवढंच म्हणाली, "घरात तुमी सांगा. मी सांगितलं तर कुणाला खरं वाटणार न्हाई."

"सांगतो," म्हणालो. सांगितलं नाही. वडिलांच्या रक्तात खोट आहे हे त्यांच्या तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती. ते गेल्यावर भावाची भीड. पोरीच्या पायांचं ऑपरेशन झालं, पाय बरेच सरळ आले, आणि आईनं ठरवलं की सुनेला उशिरा का होईना अक्कल आली. बायकोनं मला पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता मुलगी सांगलीत बँकेत आहे. बुटकी, किंचित डुलत चालणारी, हसरी. द्राक्षबागांची औषधं विकणाऱ्या एका मुलाशी तिनं स्वतःच जमवलं. गेल्या हिवाळ्यात त्याचे आईवडील आमच्याकडे आले. पोहे झाले, चहा आला, मुलाच्या वडिलांची नजर एकदा मुलीच्या चालीकडे गेली. ती भावानं बरोबर टिपली.

"आमच्यात पाय असंच, पावणं. शिलेदाराची अवलाद हाय!"

"मग वरातीला घोडा पोरीलाच द्यावा लागतोय," पाहुणे म्हणाले. सगळे हसले. बायको स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती. ती हसली नाही.

"दादा, घोडा न्हाई," मी म्हणालो. आवाज चढला होता, कारण मला तो काढायची सवय नव्हती. "आजार हाय. वाढीच्या कूर्चेचा. आबांना होता, तुला हाय, मला हाय. माझ्याकडनं तिच्यात गेला. तिच्या लेकराला यायची शक्यता निम्मी. आणि दुधाचा काही संबंध न्हाई. तिच्या आईला आपण सगळ्यांनी उगंच बोललो. मला म्हाईत होतं आणि मी गप बसलो."

भाऊ कप तसाच ठेवून उठून गेला. मला वाटलं, मोडलं. मुलाची आई मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. तिनं मुलीला विचारलं, "चालताना दुखतंय का गं?"

"जिना चढताना. एरवी नाही."

"पोरानं सांगितलंय आमास्नी निम्म्याचं. पुढचं तुमचं तुमी दोघं डॉक्टरला इचारून ठरवा." मग नवऱ्याकडे वळून, "वरच्या मजल्याचं राहू द्या आवं. ह्यांना खालची खोली दिऊ."

लग्न झालं. भाऊ आला, अक्षता टाकून गेला, माझ्याशी बोलला नाही. परवा त्याचा फोन आला, तोही बायकोच्या मोबाइलवर. नातू चालायला लागलाय, पाय जरा तसेच वाटतायत, सांगलीच्या त्या डॉक्टरचा नंबर पाहिजे.

"देते की, दादा," ती म्हणाली. "दाखवून येईपर्यंत थेंबबिंब मनानं चालू करू नका. आणि सूनबाईला कुणी काही बोललंय का?"

तिकडून भावानं पुन्हा नंबरच मागितला.

"मग द्या फोन तिला," बायको म्हणाली. आणि खुर्ची ओढून निवांत बोलत बसली. मी उठून चहा टाकला.