माठ आत आला, बाई बाहेर गेली

अन्याय झाला तो आमच्या जिनिंगमध्ये यंत्रात कापूस घालणाऱ्या, दापोरा गावच्या एका बाईवर. नवा मध्य प्रदेश झाला त्याच हंगामात, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तोंडातला तिळगूळ विरघळायच्या आत.

तेव्हा सगळीकडे एकीकरणच चाललं होतं. राजधानीचं नागपूर सुटलं, भोपाळ आलं, फाटकावरची पाटी बदलली. मॅनेजरसाहेबांना वाटलं, आपणही काहीतरी एक करावं. म्हणून साहेब आणि मजूर एकाच सतरंजीवर बसतील अशी सुधार समिती निघाली. दर शनिवारी बैठक, सूचना देईल त्याला मावा जिलेबी. रुईच्या गाठी बांधणाऱ्यांतर्फे मी होतो. म्हणजे मान डोलवायचा अधिकार मला होता.

पहिली सूचना याच बाईची. जिनिंगमध्ये रुईची कुसं घशात बसतात, आणि पाणी पार फाटकापाशी. एक जण पाण्याला गेली की शेजारीण तिच्या यंत्रातही कापूस घालायची. कुणी हुकूम दिला नव्हता, रीतच होती तशी.

"माठ आत ठेवा ना साहेब," ती म्हणाली. "चालणं वाचेल, रुई जास्त निघेल."

माठ आत आला. रुई जास्त निघाली. टाळ्या झाल्या, जिलेबी झाली.

मग साहेब विचार करायला बसले, आणि तिथेच घात झाला. शेजारीण दोन यंत्रं सांभाळतेच, आता तर पाण्यालाही कुणी जात नाही. मग एक बाई जादा. हंगामात सगळ्यांत शेवटी लागलेली हीच.

"बाई, सुझाव तो आपका ही था," साहेब गोड हसून म्हणाले.

"माठ मी सांगितला. मला काढा असं कधी सांगितलं?"

साहेबांना दुसरं काम होतं.

पुढच्या शनिवारी बायका तोंडाला पदर लावून बसल्या. "पंखा मागू नका गं आता," एक म्हातारी कुजबुजली, "मुकादम घरी जाईल. गरगर फिरायचं काम त्याचंच ना."

"कोई सुझाव?" साहेबांनी विचारलं.

"जिलेबी ताजी आहे साहेब," तीच म्हातारी म्हणाली.

साहेबांचं निदान तयार होतं: मजुरांत उत्साह नाही. उत्साह भरायला आता इथल्याच लालबागहून कुणी वक्ता येणार म्हणे. येऊ दे. ज्या सूचनेने सूचना देणारीचीच चूल थंड होते, तिच्यापुढे वक्ता काय बोलतो ते ऐकायला मीही पुढे बसेन.

ती बाई सध्या केळीच्या मळ्यात घड वाहायला जाते, काम निघेल त्या दिवशी. जिनिंगचा हंगाम संपला की तिला परत घ्यायला जागाच उरणार नाही, आणि साहेब त्याचीच वाट बघत आहेत.

तुम्ही समितीत बसत असाल तर येत्या शनिवारी जिलेबीला हात लावायच्या आधी उभे राहा. म्हणा, तिला सोमवारी कामावर घ्या, आणि सूचनेपायी कुणाचं काम जाणार नाही हे सगळ्यांसमोर कबूल करा. तोवर एकही सूचना देऊ नका.