ऑक्टोबरात जन्मलेल्या भाचीचं नाव

भाचीचं बारसं इथे परदेशात, वेरिबीतल्या कम्युनिटी हॉलमध्ये ठरलं. बाराव्या दिवशी नव्हे, तर हॉल रिकामा मिळाला त्या शनिवारी. मी आत्या, म्हणजे तिच्या कानात नाव सांगायचं काम माझं. नाव दादाने परस्पर ठरवून टाकलं होतं: कुठल्याशा साम्राज्याच्या राणीचं, चांगलं पाच अक्षरी.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं.

आमच्या घरी मोर्चांची पत्रकं बाबा लिहायचे, आई दुमडायची आणि आम्ही दोघं सायकलवरून वाटायचो. दादा त्यातून बरा झाला, मी नाही. म्हणून बारशाच्या आठवडाभर आधी मी एका पानाचं पत्रक लिहून त्याच्या फ्रिजवर चिकटवलं. मथळा होता, 'महिन्यांना नावं कोणी ठेवली?'

त्यात लिहिलं होतं: जानेवारी दारांच्या देवाचा, मार्च युद्धाच्या देवाचा. चला, देव तरी. पण जुलै आणि ऑगस्ट ही चक्क माणसं आहेत, रोमवर सत्ता गाजवणारी. त्याआधी या दोन महिन्यांना नुसतं पाचवा आणि सहावा म्हणायचे, कारण रोमचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं. सप्टेंबर ते डिसेंबर म्हणजे सातवा ते दहावा. पुढे वर्ष जानेवारीत सुरू झालं, त्यांची जागा बदलली, पण नंबर तोच राहिला, कामगाराच्या बिल्ल्यासारखा. एका सम्राटाने ऑक्टोबरलाही स्वतःचं नाव दिलं होतं. तो मेला आणि ते नाव पुसलं गेलं.

शेवटची ओळ जाड अक्षरात: 'आपली मुलगी ऑक्टोबरची आहे. तिच्यावर राजवट लादू नका.'

दादाने टोस्ट खात खात वाचलं. इथे कुणालाही 'मेट', म्हणजे मित्र, म्हणतात; तोही म्हणायचा. "मेट, तुझं काम कानात सांगायचं. एडिटिंगचं नाही."

"मग दुसरी आत्या शोध."

"बाबांनी आपली नावं ठेवली तेव्हा मतदान घेतलं होतं का?"

मी माझ्या यादीतली तीन नावं पुढे केली. तिन्ही लढाऊ.

वहिनी बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत उभी होती. तिने पत्रक शांतपणे वाचलं. "छान लिहिलंयस. पण पाचवा, सहावा, सातवा, हे मोजलं कोणी?"

"रोमन लोकांनी."

"इथे मी मोजलं. उलट्या करत, ट्रेनमध्ये उभी राहून. आणि नाव ठेवायला हा एक सम्राट आणि तू दुसरी."

दादा टोस्ट चावायचा थांबला. मी पत्रक काढायला हात पुढे केला.

"राहू दे," वहिनी म्हणाली. "फ्रिजला शोभतंय."

"मग तुला कुठलं नाव हवंय?" दादाने विचारलं. इतक्या महिन्यांत आम्हा दोघांपैकी कुणीतरी हे पहिल्यांदाच विचारत होतं.

"शनिवारी कळेल."

शनिवारी फुगे लावलेल्या पाळण्याशेजारी वहिनीने ते माझ्या कानात सांगितलं. दोन अक्षरं. ना राणीचं, ना मोर्चातलं. मला ते इतकं आवडलं की वाद घालायला काही उरलंच नाही. मी वाकले, भाचीच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. लगेच रिवाजाप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली.

"काय ठेवलं?" गर्दीमागून दादा टाचा उंचावून विचारत होता.

"आत्याचं काम बाळाच्या कानात सांगायचं," मी म्हटलं. "बापाच्या नाही."

तेवढ्यात पाठीत सगळ्यात जोरदार धपाटा बसला. मागे वळून पाहिलं तर वहिनी हसत होती.