जिन्यातल्या धुराचा नियम

“त्या डबेवालीच्या शेगड्यांनी सारी बिल्डिंग काळी करून टाकली,” जिन्यात एक बाई दुसरीला सांगत होती. “अन् कपडे पाहा माये! धुतले काय अन् नाही धुतले काय.”

मी त्यांच्यापासून चार पायऱ्या वर, ओल्या कपड्यांची बादली धरून उभी होते. त्यांनी मला पाहिलं आणि दोघी हसल्या. मीही हसले आणि बादली घेऊन गच्चीकडे निघाले. नागपूरच्या इंग्रजी शाळेत, होस्टेलवर दहा वर्षं काढून मी नुकतीच भंडाऱ्याला घरी परतले होते. बोलण्यापेक्षा बघत राहणं मला सोपं जायचं.

ऐंशी सालाच्या आसपासची ही गोष्ट. आमची बिल्डिंग तीन मजल्यांची, सहा बिऱ्हाडांची. गॅसचा नंबर लावून सगळे वाट बघत होते, तोवर कोळशाची शेगडी. ती पेटवायची रीत ठरलेली होती. घरात धूर नको म्हणून शेगडी दाराबाहेर जिन्यात ठेवायची, पुठ्ठ्यानं वारा घालायचा आणि निखारे लाल झाले की आत न्यायची. प्रत्येकीचं स्वयंपाकघर लख्ख, आणि सहा घरांचा धूर जिन्यात. खोकत खोकत वर-खाली करताना प्रत्येकजण दुसऱ्याच्या शेगडीला नावं ठेवायचा.

सर्वांत जास्त नावं तळमजल्यावरच्या मावशींना. घरचा हातमाग बंद पडल्यावर त्यांनी ऑफिसातल्या एकट्या राहणाऱ्या माणसांचे डबे सुरू केले होते. म्हणून त्यांच्या शेगड्या दोन. मी जिन्यातून उतरले की त्या हमखास हाक मारत, “ये वं पोरी, वांग्याची भाजी चाखून पाय. मीठ बरोबर हाये का?” मी चाखून मान हलवायची. एवढ्यावर आमची मैत्री चालली होती.

बाबा जवाहरनगरच्या फॅक्टरीत ऑफिसात होते आणि त्यांचा नियमांवर फार जीव होता. घरमालकानं बिल्डिंग काळी पडल्याची तक्रार करताच त्यांनी रविवारी गच्चीवर बैठक बोलावली आणि नियमही लिहून टाकला: येत्या एक तारखेपासून बिल्डिंगमध्ये कोळशाची शेगडी बंद, फक्त स्टोव्ह. माझं अक्षर चांगलं म्हणून त्याच्या दोन प्रती मीच काढल्या, जिन्यासाठी मराठीत आणि मालकासाठी इंग्रजीत. इंग्रजी प्रतीत नियम फारच देखणा दिसत होता. शाई वाळायच्या आत मला मावशींचं मोठं पातेलं आठवलं. रेशनच्या रॉकेलवर ते कधी चढणार? नियम लागू झाला की डबे बंद होणार होते.

रविवारी सकाळी गच्चीवर माझी पांढरी ओढणी काढायला गेले. नेहमीसारखी ती काळ्या ठिपक्यांनी भरलेली. झटकणार होते, पण एक ठिपका बोटावर घेऊन पाहिला. कोळशाची काजळी बोटाला फासते. हे तसं नव्हतं. हे हलकं, पोकळ, इवल्या होडीसारखं होतं. धानाच्या मुलखात हे काय आहे ते कोणी सांगावं लागत नाही. तो जळलेला कोंडा होता.

आणि कोंडा बिल्डिंगमध्ये एकाच ठिकाणी जळायचा. गच्चीच्या दाराशी आमचा आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. त्यात लाकडाऐवजी राइस मिलमधला कोंडा ठासून भरायचा, हा बाबांचा स्वतःचा शोध. “पहाटे एकदा भरला की दहापर्यंत पाणी कढत!” असं ते पाहुण्यांनाही सांगत. आंघोळ करून, गाणं गुणगुणत ते फॅक्टरीच्या बसला जात. त्यानंतर बंब दहापर्यंत धुमसत राही, आणि ते बघायला बाबा घरी नसत.

बैठकीला सतरंज्या अंथरल्या होत्या. आईनं पोहे केले होते. बाबांनी नियम वाचला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, “साहेब, जिन्यात बिडी ओढलेली चालते का?”

“तुमची बिडीच जास्त धूर करते,” त्यांच्या बायकोनं सुनावलं. सगळे हसले.

मावशी हसल्या नाहीत. “साहेब, शेगडी बंद झाली तं बारा डबे मी कायच्यावर रांधू जी?” त्यांनी विचारलं.

बाबा गोरेमोरे झाले. ते दुष्ट नव्हते. “नियम सगळ्यांना सारखा आहे,” ते कागदाकडे बघत म्हणाले. “आणखी कोणाला काही बोलायचं आहे?”

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. बाबांनी तो कागद स्वतः फाडला आणि नवा लिहिला. पहिलं कलम बंबाचं, तो बंद. दुसरं असं की सकाळी गच्चीवर एकच शेगडी पेटवायची, मावशींची, आणि बाकीच्यांनी तिच्यातला विस्तव मागून न्यायचा. सहा वेळा होणारा धूर एकदाच होऊ लागला. विस्तव न्यायला आलेल्या बायकांच्या गप्पा मात्र सहापट वाढल्या. बाबा हिवाळाभर गार पाण्यानं आंघोळ करताना पहिल्यापेक्षा मोठ्यानं गात.

मावशींनी नंतर माझ्या हातावर भजं ठेवलं. “मले ठाऊक होतं वं पोरी,” त्या म्हणाल्या. “पण ज्याच्या घरचा नियम, त्याच्याच घरचा धूर, हे मी कोण्या तोंडानं म्हणू?”

त्या रविवारी मात्र ते कोणीच म्हणत नव्हतं. बाबांनी पेनाचं टोपण काढलं. मी शाळेतल्यासारखा हात वर केला. सतरंजीवरची सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मांडीवरची ओढणी मी बाबांपुढे पसरली, आणि होस्टेलनं दहा वर्षं घासून पुसून टाकलेली आमची बोली आपोआप तोंडात आली.

“बाबा, हा कोळसा नाही जी, कोंडा होय. अन् कोंडा तं आपल्याच बंबात जळून राहिला.”